न हललेला फोटो

येरवडा, पुणे
१२ जुलै २००९

प्रिय आनंददादा,

सोबत आईचा फोटो आहे. आधी तो बघ, मग पुढचं वाच. डोळे बघितलेस? फ्लॅश पडला की आई डोळे मिटते, म्हणून आपल्या अल्बममध्ये ती कायम झोपलेलीच. हा फोटो बिनफ्लॅशचा आहे. गेल्या रविवारी विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला, आणि त्यांच्याच रांगेत, चोपन्नाव्या वर्षी दहावी पास झालेली आपली आई उभी होती.

तू अमेरिकेला निघालास तेव्हा तुझा आणि बाबांचा फोटो मी काढला होता, तुझ्याच कॅमेऱ्याने. तो हलला. दोन महिन्यांत बाबा गेले आणि तुम्हा दोघांच्या शेवटच्या फोटोत नुसत्या पुसट सावल्या उरल्या. तू फोनवर “असू दे गं” म्हणालास. रागावला असतास तर बरं झालं असतं.

मग मी तू मागे ठेवलेला कॅमेरा घेऊन स्टुडिओवाल्या रामदासकाकांकडे गेले. माझी पकड बघून म्हणाले, “जया, कोथिंबिरीची जुडी आहे का ती? दोन्ही हातांनी धर!” डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि बटण अलगद दाबायचं. उजेड कमी असला की शटर मंद होतं, आणि मंद शटरमध्ये हाताची जराशी थरथरही उतरते, हे त्यांनीच दाखवलं. हिंजवडीच्या ऑफिसला शनिवारी सुट्टी. चार महिने दर शनिवारी मी मंडईत सराव केला. एका भाजीवालीने विचारलंसुद्धा, “घ्यायचंय काही, का नुसतंच बघायचंय?”

विहारात दोनच ट्यूब होत्या. कमी उजेडातही फोटो यावा म्हणून मी आयएसओ सोळाशेवर नेला, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलं आणि पाठ खांबाला टेकवली. “दुर्गाबाई” असं नाव पुकारलं गेलं. आईने व्यासपीठाकडे बघायच्या आधी गर्दीत मला शोधलं. मी बटण दाबून धरलं, ओळीने चार फोटो निघाले. पहिला बोटाच्या धक्क्याने किंचित हलला. दुसरा तुझ्या हातात आहे. आई तो बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अशी दिसते होय मी?” त्यानंतर ती दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोटो दाखवत फिरत होती.

आता मुद्द्याचं. तुझी मेल मिळाली: कॅमेरा नुसता पडून आहे, रोहनला देऊन टाक. तुझा हा मित्र काल आला होता. त्याला चहा-पोहे दिले आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. पुढच्या महिन्यात माझ्या ऑफिसमधल्या शर्मिलाच्या लग्नाचे फोटो मी काढणार आहे. तिने माझे सगळे फोटो बघून, पारखून मला हे काम सांगितलंय. नोकरी सोडलेली नाही, घाबरू नकोस. पण कॅमेरा आता माझा आहे, दादा. हे पत्र तुला विचारायला नाही, कळवायला लिहिलंय.

तुझीच,
जया