मयुराच्या मेलबॉक्सचा तपास

५ जुलै २००३, शनिवार
सायबर लॉचा पीजी डिप्लोमा सुरू. वर्गात मीच वयानं मोठा, बाकी पोरंसोरं. पहिला येणारच. दिल्लीतल्या आमच्या मंत्रालयात माझ्यासारखे सेक्शन ऑफिसर ढिगानं आहेत, सायबर लॉ जाणणारा एकच असेल. लतिका म्हणाली, आधी आपल्या गाझियाबादच्या घरात नळाला पाणी का नाही ते बघा. बायकोला व्हिजन नाही.

१२ जुलै
लेक्चर: दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये परवानगीशिवाय शिरणे. नोट्स सुंदर झाल्या. घरी येऊन प्रॅक्टिकल म्हणून मयुराचा मेलबॉक्स उघडला. लेकीचा अकाउंट मीच काढला, पासवर्ड मीच ठेवला. मग दुसऱ्याचा कसा? कुणी शार्दूल रोज लिहितो. कविता वगैरे. प्रकरण गंभीर.

१३ जुलै
तिच्या नावानं त्याला मेल: पत्रव्यवहार बंद. मग डिलीट. बापाचं कर्तव्य. अभ्यास उद्यापासून.

२ ऑगस्ट
मयुरा नीट जेवत नाही. एम.ए.चं टेन्शन. हल्लीची मुलं नाजूक.

९ ऑगस्ट
मयुरा स्वतःहून जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, शार्दूलच्या मित्राकडून कळलं, कुणीतरी माझ्या मेलमधून त्याला काहीबाही लिहिलंय, तो बोलतच नाही, तुम्हाला येतं ना हे, शोधून द्या. किती वर्षांनी पोरीनं माझ्याकडे काही मागितलं. ऊर भरून आला. म्हटलं, जरूर, चोर पकडतोच. पासवर्ड मात्र बदलू नकोस, पुरावा जाईल.

२३ ऑगस्ट
तपास जोरात. रोज संध्याकाळी ती चहा घेऊन शेजारी बसते. गुन्हेगार बहुधा परदेशात आहे, असं सांगितलं. खरं सांगून टाकावं असं एकदा वाटलं. पण तपास संपला तर ती शेजारी कशाला बसेल?

३० ऑगस्ट
मयुरा म्हणते, पोलिसांकडे जाऊ. म्हटलं, अशी कामं घाईनं होत नाहीत. क्लास बुडवला.

६ सप्टेंबर
शार्दूल अखेर तिच्याशी बोलला. ती मेल त्यानं जपून ठेवली होती. मयुरानं प्रिंट माझ्यासमोर ठेवली. सुरुवात, ‘विथ रेफरन्स टू युअर मेल डेटेड ११ जुलै’. शेवट, ‘फॉर इन्फर्मेशन अँड नेसेसरी ॲक्शन’. इतक्या वर्षांच्या नोकरीत हाताला दुसरं वळणच राहिलं नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, बाबा, रोज माझ्या हातचा चहा पीत होतात.

१४ सप्टेंबर, रविवार
मयुरा दिल्लीत मुनिरक्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. नवा मेल आयडी फक्त आईला दिलाय. लतिका मला सांगत नाही. आठवड्यात राग उतरेल.

२० सप्टेंबर
उतरला नाही. घर खायला उठतं. तिच्या जुन्या आयडीवर मेल लिहिली. चुकलो, घरी ये, इतकंच. वाचली का ते बघायला दुपारी तिचा मेलबॉक्स उघडला. पासवर्ड तोच. माझी मेल वरतीच होती, न वाचलेली. मी ती उघडली नाही. उघडली, तर उद्या वाचलेली दिसेल आणि मला वाटेल, तिनंच वाचली.