गच्चीवर नेलेला मोगरा

आई, काल मी क्लासमध्ये मुलांना पर्णरंध्रं शिकवत होते. पानाच्या पाठीवरची बारीक छिद्रं. हवा त्यांतूनच आत-बाहेर करते. दिवसा उजेडात पान कार्बन डायऑक्साइड घेतं, ऑक्सिजन सोडतं. रात्री बहुतेक छिद्रं मिटतात आणि पान श्वसनातून अगदी थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतं. 'अगदी थोडा' म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

मी नववीत होते. कोथरूडच्या आपल्या दोन खोल्यांत तू दम्याने अंथरुणाला खिळलेली, उशाशी खिडकीत तुझी मोगऱ्याची कुंडी. शाळेत त्या दिवशी मला एवढंच कळलं होतं, की झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात. घरी येते ती दप्तर न उतरवताच कुंडी उचलते. "कुठे निघाली स्वारी?" तू विचारतेस. मी सगळा धडा म्हणून दाखवते. तू धाप सावरत म्हणतेस, "मग तूही गच्चीवरच झोप. तूही तेच सोडतेस." बाबा हसले. मला राग आला, आणि मी कुंडी घेऊन वर गेलेच. तुझं बरोबर होतं, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. एका कुंडीपेक्षा खोलीत झोपलेलं माणूस कितीतरी जास्त सोडतं.

जिने चढून वर येणं तुला शक्यच नव्हतं. तू रोज विचारायचीस, "पाणी घातलंस?" मी हो म्हणायचे. माझी परीक्षा होती, ऊन एप्रिलचं होतं. एका रविवारी वर गेले तर नुसत्या काड्या. तुला सांगायचा धीर झाला नाही. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून कळ्या आणल्या, तुझ्या ओंजळीत ठेवल्या.

"आपल्याच ना?"

"हो."

तू बराच वेळ वास घेत राहिलीस. मग म्हणालीस, "गच्ची मानवलेली दिसतेय त्याला." तुला कळलं होतं का? तुझ्या आवाजावरून असलं काही कधीच कळायचं नाही. जून उजाडायच्या आत तू गेलीस.

काल एका मुलीने विचारलं, "मॅम, आजीच्या रूममधली झाडं बाहेर काढू का?" म्हटलं, "आधी आजीला विचार." वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड फिरवलं.

हे पत्र वहीतच राहील. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, की तुझ्या काळजीपोटी मी कुंडी हलवली. काळजी होती, थोडी. पण खरं सांगू? मला शाळेत शिकवलेलं काहीतरी एकदा तरी घरात सगळ्यांनी ऐकावं, एवढंच मला हवं होतं.