तिसरी जागा

फ्लॅगस्टाफ, अ‍ॅरिझोना
११ जुलै

प्रिय नोएल,

कशी आहेस? तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे का? नेब्रास्कात उकाड्यानं तुम्हा दोघींचा जीव नकोसा झाला असेल. आम्ही इथे सगळे बरे आहोत.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. परवा तुझ्या आईशी बोलले. म्हणाली, "पत्र पाठव. मी तिच्या उशाशी ठेवीन. वाचायचं की फाडायचं, ते तिचं ती बघेल." तेव्हा फाडणार असलीस तर निदान इथवर वाचून फाड.

इकडची खबर काय सांगू? उत्तरेकडच्या जंगलात वणवा लागलाय. दुपारपर्यंत सगळ्या गावावर धूर पसरतो, म्हणून बेकबाई आम्हाला उजाडताच सरावाला बाहेर काढतात. त्यांच्या कुत्र्यानं मारिसोलचा नवा कोरा बूट खाल्ला. मारिसोल चिडायचं सोडून म्हणते कशी, "बाई, तुमच्याकडे त्याला पोटभर खायला मिळत नाही का?" बाईंना असं बोलायची आपल्या वेळी कुणाची छाती झाली असती का? ही पोरगी चोवीस वर्षांची, आणि आपल्याला तोंडावर म्हाताऱ्या म्हणते. धावून आली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हिरव्या मिरचीचे दोन बरीटो संपवते, वर माझ्या ताटात बघून विचारते, "तू हे खाणार आहेस ना?"

गेल्या आठवड्यात डेन्व्हरहून एक वार्ताहर आली होती. तिला लेख लिहायचा होता. पहिलाच प्रश्न, "लांब पल्ल्याच्या धावण्यात अमेरिकन बायकांचं भवितव्य कसं दिसतं?" बेकबाई बुटांच्या नाड्या सोडवत बसल्या होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "भवितव्य झकास आहे. बायकांचं काय होतं ते बघू."

तिला ते हसण्यावारी न्यायचं की लिहून घ्यायचं, कळलं नाही. मग बाईंनीच तिला नीट सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वी जी वेळ नोंदवून मुलगी देशात पहिली यायची, तेवढ्यात आता वीस जणी पळतात. केनिया-इथिओपियाच्या मुली अजून पुढेच आहेत, पण आपल्या मुली त्यांच्या पाठोपाठ तरी दिसू लागल्या. पूर्वी नजरेलाही पडत नव्हत्या. वार्ताहर खूश झाली. "म्हणजे हे सुवर्णयुगच म्हणायचं!" बाई म्हणाल्या, "म्हणा. पण ऑलिम्पिकला जागा तीनच."

हे मी तुला का सांगते आहे, ते तुला कळतंय. मला दुसरं काहीतरी सांगायचंय आणि जमत नाहीये.

फेब्रुवारीतली मॅरेथॉनची निवड स्पर्धा मी मनात अजून उगाळत बसते. शेवटच्या वळणावर तुझी पाठ माझ्यासमोर होती. हात लांबवला असता तर वेणी हाताला लागली असती. तू तिसरी आलीस, मी चौथी. रेषेपलीकडे पोचल्यावर तू मला मिठी मारून रडलीस, आणि माझ्याहून जास्त तूच रडलीस. तेव्हा मला तुझा राग आला नव्हता गं. खरंच नव्हता. इतकी वर्षं एका खोलीत राहून, एका रस्त्यावर घाम गाळून आपल्यापैकी एक जण तरी संघात गेली, याचंच बरं वाटलं होतं.

आणि मग तो जूनमधला दिवस. तळ्याकाठच्या मातीच्या रस्त्यावर तू माझ्या डाव्या बाजूला होतीस. मला आधी आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. मला वाटलं पायाखाली फांदी आली. वळून बघते तर तू खाली, दोन्ही हातांनी खुबा धरून. मारिसोल बाईंना गाडीसकट आणायला पळत गेली. तोवर तुझं डोकं मी मांडीवर घेऊन बसले होते. तू कण्हलीसुद्धा नाहीस. आभाळाकडे बघत बसलीस आणि म्हणालीस, "चल, जेनेल. आता जागा तुझी."

हसतच म्हणालीस. मी त्यावर काही बोलले नाही. काय बोलणार होते? नाही म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं. हो म्हणायला जीभ रेटली नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

नोएल, अ‍ॅथलेटिक्स महासंघाचा फोन आला. तुझी जागा त्यांनी मला दिली आहे. मी हो म्हटलं.

हे तुला पेपरात वाचायला मिळू नये, म्हणून हे पत्र. दुसरं काही मागणं नाही.

काळजी घे. कुबड्या घेऊन जिना उतरू नकोस.

तुझी,
जेनेल

*

फ्लॅगस्टाफ
१३ ऑगस्ट

प्रिय नोएल,

तुझ्या आईकडून कळलं की पत्र तू वाचलंस, घडी घालून ठेवलंस आणि काही बोलली नाहीस. मला तेवढंही पुष्कळ आहे. खुब्यातले स्क्रू नीट बसलेत, महिनाअखेर काठीवर चालायला लागशील, असंही ती म्हणाली. ऐकून खूप बरं वाटलं.

तिनं आणखी एक सांगितलं. स्पर्धेच्या दिवशी तू टीव्ही लावू दिला नाहीस. म्हणजे तुला अजून माहीत नसणार. मी पळाले नाही, नोएल. मी गेलेच नाही.

पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात जांघेत दुखू लागलं. फार नाही. जिना चढताना एखादी कळ, एवढंच. अशी दुखणी आपण कितीतरी गिळली आहेत. मी कुणाला सांगितलं नाही. पण मारिसोलनं ओळखलं. नाश्त्याला बसलो असताना सगळ्यांदेखत म्हणाली, "जेनेल, तुझी पाळी शेवटची कधी आली?"

म्हटलं, "असं विचारतात का कुणी?"

"का? आम्ही कॉलेजात रोज विचारायचो एकमेकींना. आमच्या तिथल्या बाई तर वहीत लिहून ठेवायच्या. नाही आली तर पळू द्यायच्या नाहीत, हाडं ठिसूळ होतात म्हणून."

बेकबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "उत्तर दे."

मी चमचा वाटीत फिरवत राहिले. त्यांना काय ते कळलं. दुपारी स्वतः गाडी चालवत त्यांनी मला तपासणीला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. तुझं मोडलं त्याच जागी माझ्या हाडात पांढुरका डाग होता. अजून मोडलं नव्हतं, मोडायच्या वाटेवर होतं. नंतर हाडांची घनता मोजली. त्या कागद पुन्हा वाचून म्हणाल्या, "ही हाडं तेहतीस वर्षांच्या बाईची वाटत नाहीत. लहानपणी काही आजार झाला होता?"

म्हटलं, "नाही. कॉलेजात धावत होते."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. तुला वाटणार नाही. तुझ्या डोळ्यांसमोर कॉलेजातला दर सोमवार उभा राहील. व्यायामशाळेच्या बोळातला वजनकाटा, चड्डी-बनियनवर रांगेत उभ्या आपण सगळ्या, आणि आकडा मोठ्यानं वाचणारे सर. ज्या मुलीचं वजन वाढलं असेल तिला पुढचा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर सगळे ओळखायचे, कारण तिच्या ताटलीत पाल्याशिवाय काही नसायचं. तुझी पाळी बंद झाली तेव्हा तू किती घाबरली होतीस! आणि सर म्हणाले, "छान. म्हणजे तू आता खरी तयार झालीस." त्या दिवसापासून माझी कधी बंद होते याची मी वाट बघू लागले. मला तुझा हेवा वाटत होता. एकोणीस वर्षांच्या होतो आपण.

डॉक्टर म्हणाल्या, "पळालात तर कदाचित काही होणार नाही. पण वाटेतच मोडलं, तर पुढे नीट चालता येईल याची खात्री मी देत नाही. ठरवायचं तुम्ही."

परत येताना गाडीत मी बाईंना म्हटलं, "कदाचित काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या ना?"

बाईंनी गाडीचा वेग वाढवला.

"बाई, फक्त एक शर्यत. नंतर वर्षभर अंथरुणावर पडून राहीन."

त्यांनी गाडी पाइनच्या झाडांखाली बाजूला घेतली. चष्मा काढला. त्यांचं तोंड इतकं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "एकीला मी चादरीच्या झोळीत घालून रस्त्यावरून उचललं. दुसरीला उचलणार नाही. हाड तुझं आहे, देशाचं नाही. तुला जायचंच असेल तर माझ्याशिवाय जा."

मी रागानं गाडीतून उतरले. दार आपटलं आणि धुरात लंगडत घराकडे चालायला लागले. गाडी माझ्या मागून हळूहळू येत राहिली. शेवटी त्यांनीच काच खाली केली. "बैस गं, वेडे. चालून तरी कशाला मोडतेस?" मग मी बसले, आणि दोघी मिळून रडलो.

दुसऱ्या दिवशी मी महासंघाला फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली, बरं व्हा म्हणाली, आणि लगेच तिनं विचारलं, "पाचवी कोण आली होती हो?" नोएल, सगळ्यात जास्त लागलं ते हे. तिची काहीच चूक नव्हती. पूर्वी तुझ्या-माझ्यासारखी एखादी गळाली असती तर खळबळ माजली असती, जागा भरायला बाई मिळाली नसती. आता एकीमागे एक तयार आहेत. देशासाठी चांगलंच आहे ते. आपल्यासाठी कसं आहे ते मला सांगता येत नाही.

पाचवी मारिसोल आली होती. तिला कळलं तेव्हा ती आनंदानं ओरडली नाही. माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "मी नको जाऊ का?" म्हटलं, "गाढवे, जा आणि खा-पी नीट." माझ्या गळ्यात पडली. केवढी दणकट पोरगी आहे! बरगड्या दुखल्या माझ्या.

शर्यत आम्ही बाईंच्या बैठकीच्या खोलीत बघितली. मारिसोल नववी आली, अमेरिकेच्या तिघींत पहिली. शेवटच्या टप्प्यात एका इथिओपियन मुलीला मागं टाकलं तिनं. बाई सोफ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. मीही ओरडले, नोएल, घसा बसेपर्यंत ओरडले. मला खरोखरच आनंद झाला होता. नंतर टीव्हीवरचा माणूस सांगत होता, अमेरिकन बायकांचे चांगले दिवस आलेत, यापुढेही येतच राहणार. त्याचं चूक नाही. मारिसोलकडे बघितलं की मलाही तसंच वाटतं. तिला कुणी काट्यावर उभं केलं नाही, तिला भूक लागल्याची लाज वाटत नाही. ती आणखी दहा वर्षं पळेल. तिच्यानंतरच्या तिच्याहून पुढे जातील.

मग बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

मला निदान वर्षभर धावायचं नाही. त्यानंतरही डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही. सकाळी जाग तशीच येते. बूट दाराशी तसेच आहेत. बाई म्हणतात, शिकवायला लाग, लहान मुलींची तुकडी घे. घेईनही. सगळे मला सांगतात की मी शहाणपणाचं वागले. मी मान डोलावते.

पण तुला खरं सांगते. मला जायचं होतं गं. मोडलं असतं तरी जायचं होतं. त्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हाही माझ्या मनात हेच चाललं होतं, की निदान अर्ध्यापर्यंत तरी, निदान सुरुवातीच्या रेषेवर उभं राहीपर्यंत तरी हे हाड टिकावं. हे मी बाईंना सांगू शकत नाही, आईला नाही, मारिसोलला तर कधीच नाही. त्यांना मी वेडी वाटेन. हे वेड जिला कळेल अशी या जगात मला एकच बाई माहीत आहे, आणि ती नेब्रास्कात पाय वर करून पडली आहे आणि माझा फोन उचलत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गाडी घेऊन निघतेय. दोन दिवस लागतील. डॉक्टरांची परवानगी काढली आहे, मध्ये थांबत येईन. तुझ्या आईला सांगितलंय. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी शेजारी बसून राहीन.

तुझी, आणि सध्या दुसऱ्या कुणाचीच नसलेली,
जेनेल