मुखपृष्ठासाठी पानगळ

ब्राउनश्वाइग,
२६ ऑक्टोबर

ती. सौ. वासंतीवहिनींना,
शिरीषचा नमस्कार, दादालाही सांगा.

तुम्ही मिरजेला सुखरूप पोचलात, हे तुमच्या जाऊबाई अरुंधतीकडून कळलं. इथे थंडी सुरू झालीय, घरातलं हीटिंग, इथल्या भाषेत हायत्सुंग, लावलं. तुम्ही घातलेलं लिंबाचं लोणचं अर्ध्यावर आलंय, त्याला जबाबदार मी नाही.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. सांगतो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ठरलं. नऊ वर्षं फोटो पाठवतोय, यंदा पहिल्यांदा माझा निवडलाय. शुक्रवारी अंक छापायला जाणार.

आता निवडायला दुसरं होतंच काय म्हणा! आपल्याबरोबर हार्ट्सच्या डोंगरात पानगळीचे फोटो काढायला आलेली ती मंडळातली वरात आठवते ना? मल्हारकडे हवामानाची तीन ॲप. तिन्ही वेगळं सांगतात आणि हा शहाणा सरासरी काढतो. "काका, गेनाऊ, अगदी अकराच्या ठोक्याला ऊन!" अकराला गारा पडल्या. त्याची बायको शिवांगी पैठणी नेसून चिखलात उभी. पिवळी पानं उधळायची, वाकून गोळा करायची, पुन्हा उधळायची. चौदा वेळा मोजलं मी. याला हे लोक फोटोग्राफी म्हणतात. गळ्यात कॅमेरा आहे म्हणून काय झालं, गळ्यात काहीबाही तर नंदीबैलाच्याही असतं.

आणि तुम्ही, राग मानू नका, त्यांच्यावर कडी. साडीवर अरुंधतीचं जॅकेट, डोक्याला दादाची कानटोपी आणि फोन दोन्ही हातांत धरलेला, आरतीचं ताट धरावं तसा. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "वहिनी, तुम्ही गाडीत बसून चहा घ्या. हे येरागबाळ्याचं काम नाही." मल्हार हसला. तुम्ही "बरं हो भाऊजी" म्हणालात आणि जाऊन बसलात.

माझी पद्धत वेगळी. एक जागा हेरायची, ट्रायपॉड लावायचा आणि थांबायचं. चार तास थांबलो. पाऊस, धुकं, गारा, परत पाऊस. अडीच वाजता मी आवरायला घेतलं. मल्हारला म्हणालो, "आज काही होत नाही. मी तीस वर्षं आभाळ बघतोय." आणि पाच मिनिटांत लख्ख ऊन पडलं. दहाच मिनिटं टिकलं. माझा कॅमेरा तेव्हा बॅगेत होता, आणि बॅगेची चेन अडकली होती. उघडेपर्यंत ऊन गेलं.

हे लिहिणार नव्हतो. लिहून झालं, आता पुढचंही लिहितो.

घरी आल्यावर तुमचा फोन अडून बसला. 'शुभ सकाळ'च्या गुलाबांनी गच्च भरलेला. मीच तुमचे फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले आणि फोनमधून पुसून टाकले. पेन ड्राइव्हवर देतो म्हणालो. विमानतळावर तुम्ही विचारलंत तेव्हा "विसरलो" म्हणालो. वहिनी, विसरलो नव्हतो.

एकशे बारा फोटो होते. चाळीसेक फोटोंत तुमचं बोटच. आणि एक तुम्ही गाडीच्या खिडकीतून काढलेला, त्या दहा मिनिटांतला. मागे काळंकुट्ट आभाळ, पुढे पिवळीधम्मक झाडं, ओल्या रस्त्यावर तिरपं ऊन. मी दोन दिवस त्यात खोट काढत बसलो. निघाली नाही. असा फोटो मला जन्मात जमलेला नाही. मग तो मी माझ्या नावाने पाठवला.

आमची संपादक अपूर्वा, काल आलेली पोर, फोनवर म्हणाली, "काका, काय पेशन्स हो तुमचा! किती वेळ वाट बघितलीत?" मी म्हणालो, "चार तास." खोटं एक अक्षर नाही त्यात, आणि तरी मला स्वतःची किळस आली. दिवाळीच्या कार्यक्रमात मी त्या फोटोवर दोन शब्द बोलायचे, असंही ठरलंय. मल्हारला मी इतकी वर्षं हसत आलो. तो निदान स्वतःचे भिकार फोटो स्वतःच्याच नावावर खपवतो.

फोनवर हे सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच "असू दे हो भाऊजी, तुमचं-आमचं काय वेगळं आहे?" म्हणाला असतात, आणि मी तेवढंच धरून गप्प बसलो असतो. ते मला नको होतं. सोबत पेन ड्राइव्ह आहे. एकशे बाराच्या एकशे बारा, बोटांसकट.

आणखी एक राहिलं. मूळ फोटोत डाव्या कडेला मी आहे. एवढं ऊन पडलंय, झाडं पेटल्यासारखी झालीत, आणि मी त्याकडे पाठ करून, ओणवा होऊन बॅगेच्या चेनशी झटतोय. तोंडात शिवी असणार. तेवढा भाग मी कापला. कापल्याशिवाय तो फोटो माझा म्हणता येत नव्हता.

मघाशी अपूर्वाला मेल केला की फोटो वासंतीवहिनींचा आहे, त्यांचंच नाव छापा, आणि सोबतचा न कापलेला छापा. तिचा लगेच फोन. बिचारी माझ्या चोरीबद्दल काही बोललीच नाही. एवढंच विचारलं, "काका, डावीकडे कुणीतरी माणूस मध्ये येतोय. काढू का त्याला?"

म्हटलं, राहू दे.

उन्हाकडे पाठ केलेला, तुमचा दीर,
शिरीष