सोयाबीनमधलं पाडस

धनज, ४ ऑक्टोबर २०२५

प्रिय उत्कर्षदादास,
सपनाचा सप्रेम जयभीम. वि. वि. तुझ्या सीमेवरच्या चौकीत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

आज सोयाबीन काढायला हार्वेस्टर आणलं. आभाळ भरून आलेलं, सगळ्यांची घाई. बहुतेक शेत झालं आणि आई एकदम मशीनपुढे हात आडवे करून उभी राहिली. पिकात हरणाचं पाडस बसलं होतं. एवढी धडधड, तरी जागचं हललं नाही. मी म्हटलं, घरी नेते, बकरीचं दूध पाजते. आई म्हणे, त्याले त्याच्या मायचं दूध पाह्यजे अन् लपाले उभं पीक पाह्यजे. आपल्या घरी दोन्ही नाई. आपन इथं उभं राह्यलो त् माय येनार नाई.

ड्रायव्हर हरीओम म्हणाला, दिवाळीच्या आत पुन्हा फेरी व्हायची नाही. आई म्हणे, राहू दे. पाडसाभोवतीचा तुकडा तसाच ठेवून तिनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि कुत्री येऊ नयेत म्हणून दूरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली. हरणांनी तूर खाल्ली म्हणून डबा बडवत फिरणारी आपलीच आई, दादा!

दिवस कलला, हरणी अजून आली नाही. आईसाठी भाकर घेऊन निघते. जिवाला जप.
तुझी सपना

१६ ऑक्टोबर

चि. सपनास,
अनेक आशीर्वाद. असं अर्ध्यावर सोडून कोणी पत्र लिहितं का? मी ते मोठ्यानं वाचलं, आता सोबतचे सगळे रोज विचारून राह्यले, हरणी आली का. इथल्या थंडीत शेगडी, कोरडे मोजे आणि शेजारी एक माणूस, एवढ्यावर आम्ही जगतो. कोणाला जगायला नेमकं काय लागतं, हे आईला न शिकता कसं कळतं, याचंच नवल वाटतं. लवकर कळव. बकरीनं तुला दूध काढू दिलं असतं का, तेही कळव!
उत्कर्ष

धनज, २७ ऑक्टोबर

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम. हरणी आली! त्या संध्याकाळी मी पोचले तर आई धुऱ्यामागे पालथी पडलेली. मलाही तिनं खाली ओढलं. हरणी यायची, बिचकून मागं फिरायची. शेवटी पिकात शिरली. आम्हाला नुसते तिचे कान दिसत होते. सकाळी त्या तुकड्यात पाडस नव्हतं.

पण त्याच रात्री पाऊस झाला होता, आणि पुढं तिथले दाणे काळे पडले. वाईट नाही वाटलं का, मी आईला विचारलं. ती म्हणे, तू तान्ही होती तवा तुले झाडाच्या झोळीत निजवून मी दूर गवत निंदत राहो. हात निंदनात अन् कान झोळीकडं. ते हरीन बी दिसभर कुठंतरी तसंच उभं असन.

आईचे तुला आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.
सपना