सातपुड्याचा धूर आणि बाळंतिणीची खोली

॥ श्री मनुदेवी प्रसन्न ॥

अडावद,
ता. ९ मार्च १९८७

सौ. विहीणबाई कुंदाबाई यांस,
सुगंधाबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि. इकडे आम्ही सारे मजेत आहोत, धुळ्याची खुशाली कळवत जावी.

तुमचा नातू दिवसेंदिवस गुबगुबीत होतोय. नाक थेट जावईबापूंचं. आवाज मात्र, रागावू नका, तुमचा. दूध द्यायला जरा उशीर झाला की अख्ख्या गल्लीला कळतं. आमची कोकिळा अजून अशक्त आहे, पण डिंकाचे लाडू चोरून खाण्याइतकी ताकद आली आहे.

यंदा होळी यायच्या आतच सातपुडा पेटलाय. सकाळी उठून बघावं तर डोंगर गायब, नुसता धूर. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांनाही त्याचाच वास. तुम्ही एस.टी.वाल्यांकडून काहीबाही ऐकाल म्हणून मीच आधी सांगते, काळजीचं कारण नाही. बाळंतिणीच्या खोलीचा मी असा बंदोबस्त केलाय की मुंगीलाही माझी परवानगी काढावी लागेल. डोंगराकडच्या खिडकीच्या फटी शेणमातीने लिंपल्या. धाब्याच्या छतातलं उजेडाचं भोक पत्रा टाकून, वर माती दाबून बुजवलं. दाराला जुनं धोतर ओलं करून लावलंय, ते सुकू देत नाही. झाडू बंद, ओल्या फडक्याने जमीन पुसायची. बाळाला मालिश करणारी आमची बेबाबाई हसते. म्हणते की बठ्ठीच्या बठ्ठी खोली लोणच्याच्या बरणीसारखी करून टाकली. हसू दे बापडीला.

शेगडी आणि धुरी तुम्ही सांगितल्याप्रमाणेच चालू आहे. तुम्ही दिलेला ओवा, वावडिंग आणि धूप निखाऱ्यांवर टाकून दोन्ही वेळा धुरी देते, दार घट्ट लावून. बाळाला थोडा खोकला आहे, तो डोंगराच्या धुराचा. आता बंदोबस्त झालाय, जाईल.

लोभ आहेच, तो नातवाच्या वजनासारखा वाढता राहावा.
आपली,
सुगंधाबाई


॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

धुळे,
ता. १३ मार्च १९८७

सौ. विहीणबाई सुगंधाबाई यांस,
कुंदाबाईचा नमस्कार वि. वि. पत्र पावलं. आवाज माझ्यावर गेलाय हे वाचून आमच्या घरी सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. बरंय, निदान त्याचं म्हणणं लोक ऐकतील.

पण खोकल्याचं वाचलं आणि हसणं तिथेच थांबलं. चोपड्याकडून आलेला कंडक्टर तुमच्या जावयाला, लीलाधरला, सांगत होता की तिकडे सकाळी गाडीचे दिवे लावून चालवावं लागतं. आणि तुम्ही म्हणता काळजीचं कारण नाही! अहो, पंधरा दिवसांचं लेकरू ते. त्याची छाती केवढी, आणि तुमचा डोंगर केवढा!

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य आहे. मीही एका मुलीची आई आहे. पण पाडव्यापर्यंत खोकला गेला नाही, तर मी स्वतः येऊन दोघांना धुळ्याला आणणार. मग माझ्यावर रुसायचं नाही.

तोवर एक करा. धुरी दोनदा देता ती तीनदा द्या. माझी चारही पोरं धुरीवर वाढली, एकालाही कधी डॉक्टर दाखवावा लागला नाही. अमळनेरवरून तिकडे येणाऱ्या पाहुण्यांबरोबर ओवा-धुपाचं मोठं पुडकं पाठवते आहे. हात आखडू नका.

सुनेला आशीर्वाद, नातवाचे पापे. तुमच्यावर जीव आहे म्हणून बोलते, तो तसाच राहू द्यावा.
आपली,
कुंदाबाई


॥ श्री मनुदेवी प्रसन्न ॥

अडावद,
ता. १९ मार्च १९८७

सौ. विहीणबाईंना सुगंधाबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि. पुडकं मिळालं. एवढ्यात अख्ख्या तालुक्याची बाळं धुपवून होतील.

तीनदा धुरी देते आहे. तरी खोटं कशाला लिहू? खोकला वाढलाय. संध्याकाळी छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. चोपड्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि धुरापासून जपा म्हणाले. आता आणखी किती जपू? आमचे हे बिडी ओढायला आता ओट्यावरही बसत नाहीत, थेट मळ्यात जातात. केळीचा पाला जाळायचा नाही अशी त्यांना ताकीद आहे. स्वयंपाकाची चूलसुद्धा मी अंगणाच्या टोकाला नेली. भाकरी थापते इकडे आणि भाजते तिकडे, कोंबड्या मध्ये. ह्यांचं म्हणणं असं, की ह्या घरात आता धूर सोडून सगळ्यांना बंदी आहे. मला तेव्हा त्यांचा रागच आला.

विहीणबाई, एक मागते. तिला इतक्यात नेऊ नका हो. लग्न झाल्यापासून पोर माझ्याकडे दिवाळीला चार दिवस यायची, तेही बॅग न उघडल्यासारखी. आता कुठे ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून वेणी घालून घेते. बाळाच्या जिवापेक्षा माझी हौस मोठी नाही, हे मला कळतं. पण आतडं तुटतं.

राग न धरता दोन ओळी लिहाव्यात, एवढीच आस.
आपली,
सुगंधाबाई


॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

धुळे,
ता. २३ मार्च १९८७

सौ. सुगंधाबाईंना नमस्कार वि. वि.

पत्र वाचून डोळे भरून आले. पण डोळे पुसून लिहिते आहे. छातीत शिट्टी वाजते म्हटल्यावर मला इथे बसवत नाही. पाडवा झाला की मी येते. कोकिळेला सामान बांधून ठेवायला सांगा. धुळ्यात धूळ आहे, पण डोंगर तरी पेटलेला नाही.

तुम्ही काही कमी केलं असं माझं म्हणणं नाही. तोवर धुरी तेवढी चुकवू नका.

भेटीअंती बोलूच, मनात किंतु नसावा.
कुंदाबाई


॥ श्री मनुदेवी प्रसन्न ॥

अडावद,
ता. २७ मार्च १९८७

सौ. विहीणबाई कुंदाबाई यांस,
सुगंधाबाईचा सप्रेम नमस्कार वि. वि. हे पत्र बसून वाचा, आणि आधी पाणी प्या.

परवा शेजारच्या गावी हळदीला जावं लागलं. बेबाबाईच्या भाचीचं लग्न, म्हणून तीही तिकडेच. मागे कोकिळा एकटी. तिला शेगडी पेटवायचा कंटाळा, तिने दिवसभर ना शेक दिला ना धुरी. त्या दिवशी डोंगर इतका पेटला होता की हळदीच्या मांडवात नवरी कोणती ते कळेना. मी धास्तावून घरी धावले. बघते तर काय, बाळराजे मुठी आवळून गाढ झोपलेले. कोकिळा म्हणाली की सकाळपासून एकदाही खोकला नाही.

काल पुन्हा धुरी दिली. संध्याकाळी पुन्हा शिट्टी.

मग मी बाळाला आणि कोकिळेला बाहेरच्या खोलीत बसवलं, आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी घेऊन, धूप टाकून, दार लावून स्वतः बसले. काय सांगू, डोळ्यांतून धारा, डोकं जड, छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं. हाका मारत बाहेर आले. डोंगराचा धूर आत येऊ नये म्हणून मी एवढं लिंपलं, की आतला धूर बाहेर जायलाही जागा ठेवली नाही. आणि आत धूर करत होतो आपणच. मला इतकं रडू आलं, आणि नंतर इतकं हसू आलं, की ह्यांना वाटलं धुराने डोकं फिरलं.

तुमची चार पोरं धुरीवर वाढली ते खरंच असेल. पण तेव्हा तुमच्या घरच्या कौलांना फटी होत्या. माझ्या शेणमातीने घात केला. म्हणजे धुरी तुमची आणि लिंपण माझं, भांडायला दोघींनाही जागा नाही.

आता शेगडी अंगणात. कपडा तिथे गरम करून आत आणते आणि त्याने शेकते. उदबत्तीसुद्धा तुळशीपाशी लावते. दुपारी वारा फिरून मळ्याकडचा आला की तिकडची खिडकी घटकाभर उघडते, धूर दिसला की बंद. दोन वेळा झाल्या, शिट्टी नाही. पण दोन वेळांवर माझा अजून भरवसा बसत नाही. तुम्ही याच. राग आला असेल तर तो घेऊन या, पुडकं मात्र आणू नका.

गोड मानून घ्यावं, एवढं मागणं.
आपली,
सुगंधाबाई


॥ श्री मनुदेवी प्रसन्न ॥

अडावद,
ता. ४ एप्रिल १९८७

चि. लीलाधर यास आईचे अनेक आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. अमळनेरला गाडी बदलल्यावर पुढे उभी राहून आले, पण ते असो.

रागातच आले होते, तुला माहीतच आहे. बाईने माझ्या धुरीला नाव ठेवलं म्हणजे काय! नको म्हटलं तरी पिशवीत पुडकं होतंच. आल्या आल्या म्हटलं, माझ्या हाताने एकदा देऊन बघू. विहीणबाईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. बाळाला घेऊन बाहेर गेल्या, आणि मला शेगडी आणून दिली. म्हणाल्या की आधी तुम्ही बसून बघा. बसले. अरे, चार पोरांची आई मी, पण दार कुठे आहे ते सापडेना! बाहेर पडले तेव्हा पदर डोळ्यांना, आणि तोताराम व्याही तांब्या घेऊन उभे. त्यांनी हसू दाबलं, हे त्यांचे उपकार. पुडकं आता गोठ्यात आहे.

तुझी सासू भलती खमकी बाई आहे. खोलीत शिरण्याआधी पाय धुवायचे, पदर झटकायचा, दार पटकन लावायचं. मलाही सुटका नाही. डोंगर अजून जळतोच आहे, अंगणात डोळे चुरचुरतात. पण त्या खोलीत पाऊल टाकलं की स्वच्छ वाटतं.

कोकिळेने सामान बांधून ठेवलं होतं. पोरगी नुसती बॅगेवर बसून होती. मीच ती बॅग उघडली आणि कपडे परत फळीवर लावले. चांगला पाऊस लागेपर्यंत ती इथेच राहील. मीही आठ-पंधरा दिवस आहे. नानांना खिचडी करून घाल, तुला येते. आणि आपल्या माजघरातली भुशाची शेगडी मागच्या अंगणात काढून ठेव. का, ते आल्यावर सांगेन.

आज दुपारी बाळाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या छातीला कान लावला. विहीणबाई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. निकाल मी द्यायचा होता ना. किती वेळ कान लावून होते कोण जाणे. काहीच ऐकू आलं नाही रे. नुसता श्वास. मान वर केली तर आम्ही दोघीही रडत होतो, आणि तो मात्र झोपला होता.

जपून राहा.
तुझी आई