सत्त्याण्णव डिग्रीवरचा आठवडा

वर्तकनगर, ठाणे
बुधवार, दुपार

ती. शांताताईस,

धाकट्या सुमतीचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे कागदावर, कंबर अजून धरलेलीच आहे). तुझा गुडघा कसा आहे? तो तेल लावणारा बंद कर आणि डॉक्टरकडे जा, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय. भाऊजींनाही नमस्कार सांग आणि त्यांची साखर तपासून घे. फोन सोडून पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. एक तर तू फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसतेस आणि मधूनच भाऊजी उत्तरं देतात. दुसरं म्हणजे आमच्या एवढ्याशा घरात मी काही बोलले की ह्यांना ऐकू जातं, आणि हे त्यांच्या कानावर जायला नकोय.

तर कंप्युटर. आमच्या क्षिप्राने नोकरी सोडून घरूनच बिल्डर लोकांची चित्रं करायचं ठरवलं, हे तुला माहीत आहे (अजून न बांधलेल्या इमारतीची चित्रं, अगदी फोटो काढल्यासारखी, गच्चीवर पोहायच्या तलावासकट). त्याला दणकट कंप्युटर लागतो. दुकानवाला सगळं जोडून देत होता, पण हे म्हणाले सुटे भाग आणा, मी जोडतो. अडतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये बॉयलर सांभाळलाय, हा डबा काय चीज आहे! हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की मार्चमध्ये हे आंबिवलीला गोपीनाथांच्या मुलाच्या साखरपुड्याला एक दिवस आधीच जाऊन बसले. (गोपीनाथ म्हणजे ह्यांचे कारखान्यातले जोडीदार. भला माणूस, बरं झालं मदतीला आलास म्हणून जेवू घालून ठेवून घेतलं.) तेव्हापासून ह्यांनी धसका घेतलाय. माझ्या सासऱ्यांचं शेवटी काय झालं ते तू पाहिलंयस, स्वतःच्या दारात उभे राहून घर विचारायचे. तसंच आपलं होणार, हे ह्यांच्या डोक्यात बसलं. मला म्हणाले, हा कंप्युटर नीट जोडला तर मी ठीक आहे, नाही तर यापुढे कशाला हात लावणार नाही. मीठ दे म्हणावं तशा आवाजात म्हणाले गं.

जोडला मात्र अगदी देवपूजेसारखा. पुस्तिका भिंग लावून दोनदा वाचली. स्क्रू हरवू नयेत म्हणून माझं इडलीपात्र घेतलं, प्रत्येक खळग्यात एका जातीचे स्क्रू (चार दिवस इडली बंद). गुरुवारी संध्याकाळी बटण दाबलं आणि लागला की! ह्यांनी चष्मा काढून पुसला, मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मग क्षिप्राने त्यावर पहिलं चित्र घेतलं, पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा भराभर चढत सत्त्याण्णववर गेला आणि पाचव्या मिनिटाला सगळं काळं. प्रोसेसर तापतोय म्हणाली. प्रोसेसर म्हणजे त्या यंत्राचं डोकं, साठ-सत्तर डिग्री चालतात त्याला, फार तापला की आपणहून बंद पडतो. ह्यांना आधी पटेचना. बॉयलर सत्त्याण्णवला असतो तेव्हा त्याला अजून जागही आलेली नसते म्हणे.

शुक्रवारी कंप्युटर टेबलाखालून काढून हॉलच्या मध्यभागी ठेवला, भिंतीपासून चार फूट. आकडा शहाण्णव. शनिवारी त्याचं एका बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला (माझा, स्वयंपाकघरातला, मी घामाघूम, पण विचारतंय कोण). पंचाण्णव. मग ह्यांनी देवघरातली अगरबत्ती उचलली. बॉयलरची हवा कुठून कुठे जाते ते धुरावर पाहतात, तसं हे त्या डब्याभोवती उदबत्ती ओवाळत बसले, आणि खरंच मागचा पंखा वारा बाहेर टाकायच्या ऐवजी आत घेत होता. तो फिरवला. पुन्हा पंचाण्णव. दर दहा मिनिटांनी वहीत आकडा, पुढे शेऱ्याचा रकाना, त्यात ‘सुधारणा नाही’ आणि खाली सही. क्षिप्राला सोमवारी सकाळी कल्याणच्या बिल्डरला चित्र द्यायचं होतं, घरून सुरू केल्यापासूनचं पहिलं काम, आणि दर वेळी सातव्या मजल्यापर्यंत इमारत उभी राहिली की कंप्युटर डोळे मिटायचा. पोर बापाला एका शब्दाने बोलली नाही. त्याचंच ह्यांना जास्त लागलं.

दुकानवाल्याने फोनवर एकच विचारलं होतं. प्रोसेसरच्या डोक्यावर जो पंखा बसवतात, त्याच्या तळाला तांब्याची चकती असते, तिच्यावरचं पातळ प्लॅस्टिक काढलंत ना? हे केवढे चिडले! काढलं म्हणजे काय, स्वतःच्या हाताने काढलं, चांगलं आठवतंय. म्हणून तो पंखा शेवटपर्यंत उघडलाच नाही. रविवारी सकाळी करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, तेव्हा उघडला. तर प्लॅस्टिक जागच्या जागी, आणि उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट त्याच्यावरच थापलेली. ह्यांनी ते नखाने सोलून उजेडात धरलं. मग मला म्हणाले, सुमे, विसरलो असतो तर चाललं असतं गं. मला तर काढल्याचं आठवतंय. आता न घडलेलंही आठवायला लागलं.

पुसलं, नवी पेस्ट लावली, बसवलं. आकडा चौसष्ट. कामही वेळेवर गेलं, क्षिप्राने ह्यांना मिठी मारली. पण हे हसले नाहीत. हत्यारांची पेटी कापडात बांधून माळ्यावर टाकली, सोसायटीच्या पंपाची किल्ली सेक्रेटरीला देऊन आले, आणि काल मला विचारलं, मी चहा घेतलाय का? नुकताच घेतला होता. माझा जीव तुटला गं.

असो. लोणच्याची बरणी पाठवून दे, मे महिन्यापासून तुझ्याकडे आहे.

तुझी,
सुमती

ता. क. बरणी राहू दे. तू एक कर. ह्यांना फोन लाव आणि तुझा मिक्सर बंद पडलाय, डोंबिवलीला येऊन बघून जा म्हणून गळ घाल. बंद नसला तर त्याची एखादी वायर सैल कर, पण ह्यांनाच बोलाव. भाऊजींना पत्ता लागू देऊ नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. दोन. आता सांगतेच. प्लॅस्टिक ह्यांनी काढलं होतं. गुरुवारी पंपाचं काही विचारायला सेक्रेटरी आला म्हणून हे उठून दारात गेले आणि मी हळदकुंकू घेऊन आले. बघते तर कोरी करकरीत चकती उघडी, शेजारी तिचं प्लॅस्टिक, आणि समोरची इमारत पाडताहेत त्याची धूळ खिडकीतून नुसती येतेय. आपल्याकडे नव्या वस्तूचं प्लॅस्टिक कोणी काढतं का? आमच्या फ्रिजच्या दाराचं अकरा वर्षं आहे. मी ते परत नीट चिकटवलं, पदराने दाबून दाबून, एक बुडबुडा राहू दिला नाही. पारदर्शक ते, ह्यांना कुठलं दिसतंय. कडेला इंग्रजीत काढा म्हणून लिहिलं होतं, पण माझा चष्मा आत होता. रविवारी ते निघालं तेव्हाच सांगायला हवं होतं. ह्यांचा राग तुला माहीत आहे, त्यात क्षिप्रा समोर. तोंड उघडेचना. आता तर रोज आणखी अवघड होतंय.

ता. क. तीन, गुरुवार. पाकीट परत फोडलं. मिक्सरला हात लावू नकोस. सकाळी मी सांगून टाकलं. आता ताट भिरकावतात म्हणून मागे सरकून उभी राहिले. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, म्हणजे मी काढलं होतं? म्हटलं, हो. नक्की? म्हटलं, अहो, ह्या हातांनी परत लावलं मी. पुन्हा एकदा विचारलं, मी काढलं होतं ना? आणि ताई, बसल्या जागी रडायलाच लागले. पाठोपाठ हसायला. आता हे खाली गेलेत. पंपाची किल्ली परत घेतली, आणि सेक्रेटरीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत एकेकाला थांबवून सांगताहेत की बायकोने कंप्युटरला प्लॅस्टिक गुंडाळलं. मला वरपर्यंत ऐकू येतंय. सांगू देत.